विजय मल्ल्या दोनदा राज्यसभेत कसे पोहोचले? फॉर्म्युला वनची टीम, आमदारांची मतं आणि कुणी न विचारलेले प्रश्न

ऑक्टोबर २०१२ मधले आठ दिवस आठवून बघा.

२० ऑक्टोबरला डीजीसीएने किंगफिशर एअरलाइन्सचं उड्डाण परमिट स्थगित केलं. विमानं त्याआधीच, महिन्याच्या सुरुवातीपासून जमिनीवर होती. कर्मचाऱ्यांचे सात महिन्यांचे पगार थकले होते. आणि २८ ऑक्टोबरला, दिल्लीपासून तासाभरावर असलेल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर इंडियन ग्रां प्रीची रेस झाली. त्यात सहारा फोर्स इंडियाच्या दोन गाड्या धावल्या. एअरलाइनचे मालक आणि टीमचे सर्वेसर्वा एकच, विजय मल्ल्या. तिसरी ओळख त्या आठवड्यात फारशी कुणी काढली नाही. मल्ल्या त्या वेळी कर्नाटकातून निवडून गेलेले राज्यसभेचे खासदार होते, आणि ही त्यांची दुसरी टर्म होती.

मल्ल्या म्हटलं की कर्ज, लंडन आणि प्रत्यार्पण एवढंच आपल्याला आठवतं. माझ्या पिढीने तर त्यांना आधी कॅलेंडर आणि आयपीएलमुळे ओळखलं, मग थेट फरार म्हणून. मधली गोष्ट कुठेतरी गळून पडते. हा माणूस कोणत्याही मोठ्या पक्षाचा नव्हता, कधी लोकांतून निवडून आला नव्हता, तरी दोन वेळा संसदेत गेला. त्याला तिथे कुणी पाठवलं? आणि पाठवणाऱ्यांना त्याच्या धंद्याबद्दल तेव्हा काय माहीत होतं?

या प्रश्नांचा माग मोटरस्पोर्टमधूनच काढता येतो. कारण मल्ल्यांची एक मोठी कायदेशीर अडचण विमान कंपनीतून आली नव्हती. ती रेसच्या गाडीवरच्या एका लोगोतून आली होती.

शोलावरमची धावपट्टी आणि बेनेटनची गाडी

मल्ल्यांना रेसिंगचा नाद जुना. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी आहे. भारतातली मोटर रेसिंग कित्येक वर्षं तिथेच व्हायची. ऐंशीच्या दशकात मल्ल्या तिथे स्वतः गाडी चालवायचे, तीही परदेशातून आणलेली एन्साइनची जुनी फॉर्म्युला वन गाडी. वडील विठ्ठल मल्ल्या १९८३ मध्ये वारले आणि यूबी ग्रुपची सूत्रं २७-२८ वर्षांच्या मुलाच्या हाती आली. गाडी चालवणं मागे पडलं, गाड्यांवर नाव लावणं सुरू झालं.

यामागचं गणित समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भारतात टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही. म्हणून मग त्याच नावाचा सोडा येतो, पाणी येतं, कॅलेंडर येतं, आणि पुढे तर त्या नावाची अख्खी विमान कंपनी आली. फॉर्म्युला वनच्या गाडीवर मात्र बिअरचा लोगो लावता यायचा. रेस युरोपात, प्रक्षेपण जगभर, आणि भारतातला प्रेक्षक घरबसल्या तो लोगो बघणार. त्यामुळे मल्ल्यांचं रेसिंग हा निव्वळ श्रीमंती शौक होता असं मला वाटत नाही. ज्याची जाहिरात करता येत नाही असा माल विकणाऱ्याला तो सापडलेला एक रस्ता होता.

डिसेंबर १९९५ मध्ये लंडनच्या बेनेटन फॉर्म्युला लिमिटेडशी करार झाला. पुढच्या तीन हंगामांत किंगफिशरचं नाव फॉर्म्युला वनमध्ये झळकणार होतं. ईडीच्या म्हणण्यानुसार यासाठी २ लाख डॉलर परदेशात गेले आणि त्याला रिझर्व्ह बँकेची आधी घ्यायची परवानगी नव्हती. तेव्हा फेरा हा परकीय चलनाचा कडक कायदा लागू होता. ईडीने चौकशीसाठी समन्स काढली, एकदा नाही, अनेकदा. मल्ल्या हजर झाले नाहीत. शेवटी मार्च २००० मध्ये ईडीने समन्स न पाळल्याबद्दल दिल्लीच्या कोर्टात तक्रार दाखल केली.

मूळ व्यवहाराबद्दलची ईडीची कारवाई पुढे बंद झाली, हेही सांगायला हवं. खटला चालत राहिला तो समन्स धुडकावल्याचा. तो रद्द करा म्हणून मल्ल्या थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. जुलै २०१५ मध्ये कोर्टाने अर्ज फेटाळला, वर १० लाखांचा दंड भरायला लावला. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने याच प्रकरणात त्यांना फरार गुन्हेगार ठरवलं.

तारखा नीट बघा. तक्रार २००० ची. पहिली खासदारकी २००२ ची.

२००२: पडद्याआडचं मतदान

राज्यसभेचे खासदार आपण निवडत नाही, आपले आमदार निवडतात. हे शाळेत शिकलेलो असतो, पण त्याचा व्यवहारात अर्थ काय ते निवडणूक आली की कळतं. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक निवडून आले आणि शिवसेनेचे संजय पवार पडले, ती रात्र अनेकांना आठवत असेल. कोटा, पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या पसंतीची मतं, हे शब्द तेव्हा घरोघरी पोहोचले होते.

गणित असं. आमदारांची संख्या घ्यायची, तिला जागा अधिक एक या आकड्याने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. कर्नाटकात २२४ आमदार आणि ४ जागा. २२४ भागिले ५, अधिक १. म्हणजे ४५ आमदारांनी पहिली पसंती दिली की माणूस खासदार. प्रत्येक पक्ष आधी आपले पुरेसे कोटे भरून घेतो. मग प्रत्येकाकडे काही मतं उरतात, जी एकट्याने कुणाला निवडून आणायला कमी पडतात. ही उरलेली मतं जो एकत्र करू शकेल, त्याला शेवटची जागा.

अपक्ष उद्योगपतींसाठी ही शेवटची जागा म्हणजे हक्काचं दार. विचारधारा आड येत नाही, कारण त्याला काही एकाच पक्षाची मतं लागत नाहीत. २००२ मध्ये कर्नाटकात एस. एम. कृष्णा यांचं काँग्रेस सरकार होतं. चारपैकी तीन जागा काँग्रेसला गेल्या, चौथ्या जागेवर काँग्रेस आणि जेडीएसच्या मदतीने अपक्ष विजय मल्ल्या निवडून आले.

त्या निवडणुकीत दोन गोष्टी नव्हत्या. पहिली, मतदान उघड नव्हतं. कोणत्या आमदाराने कुणाला मत दिलं हे पक्षालाही दिसायचं नाही. आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, ही पद्धत २००३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर आली. दुसरी, उमेदवाराला आपल्यावरचे खटले आणि संपत्ती जाहीर करणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागत नव्हतं. त्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा प्रसिद्ध निकाल मे २००२ चा आहे, मल्ल्या त्याच्या काही आठवडे आधी खासदार झाले होते. म्हणजे बेनेटनच्या लोगोवरून कोर्टात तक्रार पडून होती, आणि ती कागदावर मांडायची सक्ती उमेदवारावर नव्हती.

पुढच्या वर्षी मल्ल्यांनी पक्षही घेतला. सुब्रमण्यम स्वामींच्या जनता पक्षात जाऊन ते कार्याध्यक्ष झाले. (अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर पक्षात गेला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली त्याची जागा जाऊ शकते. मल्ल्यांची गेली नाही, सहा वर्षं पूर्ण झाली.) २००४ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत हा पक्ष जोरात उतरला. त्याच सुमारास लंडनच्या लिलावातून टिपू सुलतानची तलवार परत आणल्याचं मल्ल्यांनी जाहीर केलं. निकालात जनता पक्षाला एकही जागा मिळाली नाही. लोकांसमोर मतं मागायचा हा एकच मोठा प्रयत्न, आणि तो असा संपला. सामान्य मतदाराला जे पटलं नाही, ते आमदारांना मात्र सहा वर्षांनी पुन्हा पटणार होतं.

खासदार असताना घेतलेली टीम

२००७ या एका वर्षात मल्ल्यांनी काय काय घेतलं ते बघून दम लागतो. मे महिन्यात स्कॉटलंडची व्हाइट अँड मॅकाय ही व्हिस्की कंपनी, ५९.५ कोटी पौंडांना. त्याच महिन्याच्या शेवटी एअर डेक्कनमधला २६ टक्के हिस्सा. त्या हंगामात किंगफिशर एअरलाइन्सचं नाव टोयोटाच्या फॉर्म्युला वन गाडीवरही होतं. मग ऑक्टोबरमध्ये स्पायकर ही फॉर्म्युला वनची अख्खी टीमच, डच उद्योजक मिकिएल मोल यांच्याबरोबर भागीदारीत, सुमारे ८.८ कोटी युरोंना. आणि २००८ च्या सुरुवातीला आयपीएलची बंगळुरूची टीम, ११.१६ कोटी डॉलरला. नऊ-दहा महिन्यांत चार मोठे सौदे. हे चारही झाले तेव्हा ते विद्यमान खासदार होते.

स्पायकरचं नाव फोर्स इंडिया झालं. ही टीम मुळात एडी जॉर्डनची. १९९१ मध्ये सुरू झालेली, इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन सर्किटच्या दारातच कारखाना असलेली. जॉर्डनची मिडलँड झाली, मिडलँडची स्पायकर, आणि स्पायकरची फोर्स इंडिया. नाव भारताचं, पुढे गाडीवर केशरी-हिरवा रंगही आला, पण इंजिनिअर, कारखाना, नोकऱ्या सगळं इंग्लंडमध्ये. एकही भारतीय ड्रायव्हर फोर्स इंडियाकडून कधी ग्रां प्रीत उतरला नाही. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक फॉर्म्युला वनमध्ये धावले, पण फोर्स इंडियाकडून नाही. २०११ मध्ये टीमने भारतभर मुलांचा शोध घेतला, त्यात मुंबईचा जेहान दारूवाला पुढे आला आणि फॉर्म्युला टूपर्यंत गेला. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

टीम म्हणून फोर्स इंडिया उत्तम होती, इथे कंजूषी करायचं कारण नाही. २००८ मध्ये एकही गुण नाही. २००९ मध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर जियानकार्लो फिसिकेलाने सगळ्यांना चकित करत पोल पोझिशन घेतली आणि रेसमध्ये दुसरा आला. पुढे सर्जिओ पेरेझने पोडियम मिळवले. २०१६ आणि २०१७ मध्ये टीम चौथी आली, तेही मर्सिडीज, फेरारी, रेड बुलच्या तुलनेत फार कमी पैशांत. पॅडॉकमध्ये तिची ओळखच अशी होती: पैसा कमी, डोकं जास्त.

पैसा कमी, हे मात्र खरोखरच होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये, भारतातल्या पहिल्या ग्रां प्रीच्या तोंडावर, सहारा ग्रुपने १० कोटी डॉलर देऊन ४२.५ टक्के हिस्सा घेतला आणि नाव सहारा फोर्स इंडिया झालं. अडीच वर्षांत सहाराचे सुब्रत रॉय तुरुंगात होते. देशाच्या नावाने धावणाऱ्या टीमचे दोन्ही भारतीय मालक कोर्टाच्या फेऱ्यांत अडकलेले, असं चित्र फॉर्म्युला वनच्या इतिहासात दुसरं नसावं.

२०१०: यावेळी मतदान उघड होतं

पहिली टर्म एप्रिल २००८ मध्ये संपली. दोन वर्षांनी कर्नाटकातल्या चार जागा पुन्हा रिकाम्या झाल्या. आता राज्यात भाजपचं सरकार होतं, येडियुरप्पा मुख्यमंत्री. भाजपने दोन जागा घेतल्या, काँग्रेसने एक. चौथीसाठी काँग्रेसने आपला दुसरा उमेदवार दिला होता. समोर अपक्ष मल्ल्या.

जेडीएसने २००८ मध्ये २८ जागा जिंकल्या होत्या. ४५ चा कोटा भरायला सतरा-अठरा मतं कमी. ती भाजपच्या शिल्लक मतांतून आली. यावेळी मतपत्रिका पक्षाला दाखवायची होती. त्यामुळे हे कुणा फुटीर आमदारांचं काम नव्हतं, पक्षांचा उघड निर्णय होता. २००२ मध्ये काँग्रेस आणि जेडीएस, २०१० मध्ये भाजप आणि जेडीएस. कर्नाटकातल्या तिन्ही मोठ्या पक्षांनी कधी ना कधी मल्ल्यांना मत दिलेलं आहे. २०१६ नंतर ‘मल्ल्या कुणाचे’ यावरून काँग्रेस आणि भाजपने संसदेत आणि टीव्हीवर जो गोंधळ घातला, तो ऐकताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

यात कर्नाटकच वेगळं आहे असंही नाही. महाराष्ट्राने २००६ मध्ये राहुल बजाज यांना अपक्ष म्हणून राज्यसभेवर पाठवलं, तेव्हा भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी एका बाजूला होते. २००४ मध्ये अनिल अंबानी उत्तर प्रदेशातून अपक्ष गेले होते. या सगळ्यांना एका माळेत ओवायचं नाही. बजाज यांच्या नावावर कर्जबुडवेगिरीचा डाग नाही. मुद्दा दाराचा आहे. ते सगळ्यांसाठी सारखंच उघडतं, आणि दारावर विचारले जाणारे प्रश्नही सारखेच असतात.

मग २०१० मध्ये दारावर काय विचारलं गेलं? आता प्रतिज्ञापत्र होतं. त्यात मल्ल्यांनी सुमारे ६१५ कोटींची संपत्ती दाखवली. स्वतःच्या नावावर घर नाही, जमीन नाही. देणी शून्य.

हे वाचून हसू येतं, पण ते खोटं होतं असं लगेच म्हणता येत नाही, आणि गोम इथेच आहे. बंगले, विमानं, यॉट, टीम हे सगळं कंपन्यांच्या नावावर. कर्जं किंगफिशर एअरलाइन्सच्या नावावर. फॉर्म विचारतो तुमचं स्वतःचं देणं किती. एअरलाइनच्या कर्जाची पुनर्रचना करणारा बँकांबरोबरचा करार झाला २१ डिसेंबर २०१० रोजी, आणि मल्ल्यांची वैयक्तिक हमी त्या कराराचा भाग होती. म्हणजे जूनमध्ये देणी शून्य असणारा खासदार डिसेंबरमध्ये हजारो कोटींच्या कर्जाला जामीन राहिला. आमदारांनी मत देताना हातात धरलेला कागद सहा महिन्यांत जुना झाला.

समितीत कोण बसतं?

खासदारकीचा मल्ल्यांना नेमका काय उपयोग झाला, हे मोजणं अवघड आहे. लाल दिव्याच्या मानापलीकडे काहीच नाही, असं त्यांचे समर्थक म्हणतील. पण एक गोष्ट रेकॉर्डवर आहे. किंगफिशर एअरलाइन्सचे मालक नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या संसदीय सल्लागार समितीचे सदस्य राहिले. ज्या मंत्रालयाच्या निर्णयांवर आपली कंपनी जगते, त्याच मंत्रालयाच्या मंत्र्यांबरोबर अधिकृतपणे बसण्याची ती जागा.

याला नियम आडवा येत नाही का? राज्यसभेत नियम आहेत, आणि ते वाईट नाहीत. नियम २९३ नुसार सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. कोणत्या कंपनीत पगारी संचालक आहात, कुठे नियंत्रण असलेला हिस्सा आहे, कुठे सल्लागार म्हणून पैसे घेता, हे त्यात लिहायचं. नियम २९४ सांगतो की एखाद्या विषयात तुमचा थेट आर्थिक संबंध असेल तर चर्चेत भाग घेण्याआधी तो जाहीर करा. जाहीर करा, एवढंच. केलंत की बोलायला मोकळे. अशी नोंदवही लोकसभेत नाही, त्यामुळे राज्यसभा त्यातल्या त्यात पुढे आहे. पण मल्ल्यांच्या बाबतीत जाहीर करण्यासारखं काय उरलं होतं? त्यांचा हितसंबंध विमानाच्या शेपटीवर रंगवलेला होता. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पुन्हा एकदा नोंदवून घेणारा नियम तिथे काय थांबवणार?

मोटरस्पोर्टमध्येही तीच गुंतागुंत. टीमचे मालक असताना २००९ पासून मल्ल्या एफआयए या जागतिक संघटनेच्या वर्ल्ड मोटर स्पोर्ट कौन्सिलवर भारताचे प्रतिनिधी होते. खेळाचे नियम जिथे मंजूर होतात ती ही जागा. खेळाडू, मालक, प्रशासक आणि कायदे करणारा, चारही टोप्या एकाच डोक्यावर.

तिकडे भारतातली ग्रां प्री तीन वर्षांत, २०१३ नंतर, बंद पडली, आणि त्यात सरकारी धोरणाचा वाटा मोठा होता. फॉर्म्युला वन हा खेळ की मनोरंजन, यावर एकमत नव्हतं. करमणूक कर लावायचा की नाही हा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने तिकीटविक्रीतला २५ टक्के पैसा वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितला. कस्टम, आयकर यांचे वाद वेगळेच. हा खेळ आतून ओळखणारा खासदार सभागृहात होता, आणि तरीही खेळाची ही कोंडी सुटली नाही. मालकाला संसदेत बसवल्याने निदान त्याच्या क्षेत्राचं तरी भलं होतं, हा युक्तिवाद मला या उदाहरणात टिकताना दिसत नाही.

‘विलफुल डिफॉल्टर’, तरीही सन्माननीय सदस्य

राज्यघटनेच्या कलम १०२ मध्ये खासदार कधी अपात्र ठरतो याची यादी आहे. त्यात एक कारण आहे, कोर्टाने दिवाळखोर जाहीर केलेला आणि त्यातून मुक्त न झालेला माणूस. पण बँकेने ‘विलफुल डिफॉल्टर’, म्हणजे ऐपत असून कर्ज न फेडणारा ठरवलेला माणूस या यादीत नाही. स्टेट बँकेने नोव्हेंबर २०१५ मध्ये मल्ल्यांना असं जाहीर केलं. त्यानंतरही ते खासदार राहिले, कारण कायद्याने त्यांना हलवता येत नव्हतं. दिवाळखोर ते ठरले जुलै २०२१ मध्ये, तेही लंडनच्या कोर्टात, खासदारकी संपून पाच वर्षं झाल्यावर.

१ मार्च २०१६ रोजी ते राज्यसभेत हजर होते. २ मार्चला ते देशाबाहेर गेले, खासदार म्हणून मिळालेल्या राजनैतिक पासपोर्टवर. स्टेट बँकेसह १७ बँका काही दिवसांनी सुप्रीम कोर्टात पोहोचल्या तेव्हा समजलं की माणूस इथे नाहीच. जाण्याआधी अर्थमंत्र्यांना भेटलो होतो, असं मल्ल्या २०१८ मध्ये लंडनमध्ये म्हणाले. अरुण जेटलींचं उत्तर होतं की भेट ठरलेली नव्हती, सदस्य असल्याचा फायदा घेत त्यांनी आपल्याला संसदेच्या आवारात चालता चालता गाठलं. दोघांपैकी कुणाचंही खरं धरा, एक बाब दोन्हीत समान आहे. नऊ हजार कोटी थकवणाऱ्या कंपनीचा मालक अर्थमंत्र्यांपर्यंत सरळ चालत जाऊ शकत होता, कारण तो खासदार होता.

राज्यसभेच्या नीतिमत्ता समितीने हकालपट्टीची शिफारस करायचं ठरवलं. २ मे रोजी मल्ल्यांनी राजीनामा पाठवला. सभापती हमीद अन्सारींनी तो परत केला, कारण त्यावरची सही अस्सल नव्हती. मग नव्याने सही करून पत्र आलं आणि ते स्वीकारलं गेलं. मुदत तशीही ३० जूनला संपणार होती.

टीमचं काय झालं

पासपोर्ट रद्द झाल्यावर मल्ल्यांना इंग्लंडबाहेर पडता येईना. वर्षभर जगात वीसेक ठिकाणी रेस व्हायच्या, आणि मालक फक्त सिल्व्हरस्टोनला दिसायचा. आयडीबीआय बँकेच्या कर्जातला पैसा रेसिंग टीमकडेही वळवला गेला, असा आरोप भारतीय तपास यंत्रणांनी केला आणि तो प्रत्यार्पणाच्या सुनावणीतही मांडला गेला. मल्ल्या तो नाकारतात. कर्जफसवणुकीच्या मुख्य खटल्यात ते अजून दोषी ठरलेले नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या अवमानाबद्दल मात्र २०२२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. बँकांनी देण्यापेक्षा जास्त वसूल केलंय, असा त्यांचा दावा आहे. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितल्यानुसार मल्ल्यांच्या मालमत्तांतून १४ हजार १३१ कोटी रुपये बँकांना परत मिळाले.

जुलै २०१८ मध्ये फोर्स इंडियाकडचे पैसे संपले. टीमच्याच ड्रायव्हरने, पेरेझने, थकीत पैशांसाठी कोर्टात अर्ज केला. त्याचा हेतू टीम बुडवण्याचा नव्हता, विकली जावी असा होता, हे त्याने तेव्हाच स्पष्ट केलं. ब्रिटिश कायद्यानुसार कोर्टाने प्रशासक नेमला. दोन आठवड्यांच्या आत कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने टीम घेतली. ४०५ जणांच्या नोकऱ्या वाचल्या आणि देणेकऱ्यांना पूर्ण पैसे मिळतील असं प्रशासकांनी जाहीर केलं. आज त्याच जागेवरून ॲस्टन मार्टिनची हिरवी गाडी बाहेर पडते.

एकाच मालकाच्या दोन कंपन्या. इंग्लंडमधली बुडाली तेव्हा पंधरवड्यात निकाल लागला. भारतातली बुडाली तेव्हा पायलट, केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफने थकलेल्या पगारासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा मारल्या. आपल्याकडे दिवाळखोरीचा नवा कायदा आला तोच २०१६ मध्ये, मल्ल्या गेले त्या वर्षी. तो संसदेने मंजूर केला मे महिन्यात, मल्ल्यांचा राजीनामा स्वीकारल्यानंतर आठवडाभरातच.

मल्ल्यांना निवडून देणाऱ्या आमदारांना यातलं काही कधी कुणी विचारलं नाही. २००२ ची मतं गुप्त होती, तेव्हा विचारणार तरी कुणाला? २०१० ची मतं उघड होती, तरीही नाही. यानंतर राज्यसभेच्या नियमांत काय बदललं? ‘विलफुल डिफॉल्टर’ अजूनही अपात्र ठरत नाही. हितसंबंध जाहीर केला की चर्चेत भाग घेता येतोच. दर दोन वर्षांनी अनेक राज्यांत या जागा रिकाम्या होतात, शिल्लक मतांची जुळवाजुळव सुरू होते, आणि एखादं अपक्ष नाव अचानक चर्चेत येतं. त्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येतं. ‘देणी’ हा रकाना खालच्या बाजूला असतो.